टॅमॉक्सिफेन सुरू झाले म्हणून पॅरॉक्सेटीन एकदम बंद केले: ही भीती आहे, दुष्परिणाम आहे की गोळी अचानक थांबवल्याचा त्रास?

कृष्णाकाठ:

नमस्कार. माझी थोरली बहीण ४७ वर्षांची आहे. तिच्या स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया आणि केमो पूर्वीच झालेली आहे, परंतु यंदा पाठदुखी वाढल्यामुळे केलेल्या तपासणीत आजार मणक्याच्या हाडांत पसरल्याचे आढळले. ताईला चिंतेचा विकार कर्करोगाच्या कितीतरी आधीपासून आहे आणि त्यासाठी ती अनेक वर्षे रोज रात्री एकच गोळी घेत आली आहे. त्या गोळीत पॅरॉक्सेटीन २५ मिलीग्रॅम (सीआर, म्हणजे शरीरात हळूहळू सुटणारे) आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलीग्रॅम एकत्र आहे. या गोळीवर ती घर, शाळेतील नोकरी आणि पहिल्या वेळचा कर्करोग, हे सगळे निभावत होती.

गेल्या महिन्यात तिला कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन हे संप्रेरकाच्या उपचाराचे औषध सुरू केले, दुखण्यासाठी ट्रॅमाडॉल दिले आणि मळमळीसाठी जेवणाआधी घ्यायची मेटोक्लोप्रमाइडची गोळी दिली. त्याच वेळी फाईल पाहणाऱ्या डॉक्टरांनी सांगितले की ‘ही मानसिक आजाराची गोळी टॅमॉक्सिफेनबरोबर चालत नाही, आजपासून बंद करा.’ दाजींनी त्याच रात्रीपासून ती बंद केली. दोन-तीन दिवसांत ताईला चक्कर येऊ लागली, मान किंवा डोळे वळवले की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखे होऊ लागले, घाम, थरथर, विचित्र आणि अतिशय खरी वाटणारी स्वप्ने, कारण नसताना रडू येणे असे सुरू झाले. झोप जवळजवळ गेली आहे. संध्याकाळी तर ती एका जागी बसूच शकत नाही, पाय सारखे हलवते आणि ‘मला या कातडीतून बाहेर पडायचे आहे’ असे म्हणते. गावातील डॉक्टरांनी तपासून सांगितले की आजार पसरल्याचे कळल्याने धसका घेतला आहे, त्यांना धीर द्या. धीर आम्ही देतोच आहोत, पण धसका बातमी कळली त्या दिवशी बसला होता आणि हे सगळे गोळी बंद झाल्यावर सुरू झाले, हे मला डोळ्यांआड करता येत नाही.

मानसोपचारतज्ज्ञांची वेळ पुढच्या आठवड्यातील आहे. घरात जुन्या गोळ्यांची एक पट्टी शिल्लक आहे आणि दाजी म्हणतात की तीच पुन्हा सुरू करू. मला भीती वाटते की त्यामुळे टॅमॉक्सिफेनचा उपयोग होणार नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

औषधशाळा:

मी एका रुग्णालयात औषधनिर्माता म्हणून काम करतो आणि दाखल रुग्णांच्या औषधांची परस्परांशी पडताळणी करणे हेच माझे रोजचे काम आहे. मी तुमच्या बहिणीला पाहिलेले नाही, त्यामुळे पुढचे सर्व लिखाण डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावे एवढ्यासाठीच आहे.

सर्वांत आधी, पुढच्या आठवड्याची वाट पाहू नका. मानसोपचारतज्ज्ञांच्या दवाखान्यात आजच दूरध्वनी करून ‘पॅरॉक्सेटीन आणि क्लोनाझेपाम दोन्ही एकाच रात्री एकदम थांबली आहेत आणि रुग्ण ट्रॅमाडॉलवर आहे’ एवढे वाक्य जसेच्या तसे सांगा. हे वाक्य ऐकून बहुतेक डॉक्टर वेळ अलीकडे आणतील किंवा दूरध्वनीवरच सूचना देतील. घाई करण्याचे कारण क्लोनाझेपाम हे आहे. वर्षानुवर्षे घेतलेले हे औषध अचानक तोडले तर झोप उडणे आणि थरथर तर होतेच, पण काही रुग्णांना फेफरे येऊ शकते. ट्रॅमाडॉल स्वतःच फेफरे येण्याची शक्यता वाढवते, त्यामुळे या दोन गोष्टी एकत्र आल्या असताना आठवडाभर नुसते थांबणे योग्य नाही. फेफरे आले, ताप येऊन अंग ताठ झाले किंवा ताई असंबद्ध बोलू लागल्या, तर सरळ रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. आपल्याकडे चिंतेच्या विकारासाठी अशा जोडगोळ्या सर्रास लिहिल्या जातात आणि रुग्णाच्या दृष्टीने ती ‘एक गोळी’ असते. ती बंद करणाऱ्यालाही आपण दोन औषधे तोडत आहोत हे अनेकदा लक्षात येत नाही.

आता पॅरॉक्सेटीनविषयी. नैराश्य आणि चिंतेवरची अशी औषधे एकदम थांबवल्यावर होणारा त्रास सर्वांना सारखा होत नाही. २०२४ मध्ये जर्मन संशोधकांनी ‘लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’त पूर्वीच्या अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यानुसार औषध थांबवणाऱ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही लक्षण जाणवले, परंतु औषध नसलेली गोळी थांबवणाऱ्यांतही हे प्रमाण १७ टक्के होते. म्हणजे खुद्द औषधामुळे होणारा त्रास साधारण सहा-सात जणांत एकाला आणि तीव्र त्रास सुमारे पस्तिसांत एकाला, असा त्याचा अर्थ निघतो. पॅरॉक्सेटीन मात्र या बाबतीत पहिल्यापासूनच कुप्रसिद्ध आहे. एकतर ते शरीरातून लवकर बाहेर पडते, त्याची निम्मी मात्रा साधारण एका दिवसात ओसरते. शिवाय जे विकर (एन्झाइम) त्याचे विघटन करते त्यालाच ते अडवून ठेवते, त्यामुळे मात्रा कमी होऊ लागली की अडवणूकही सुटते आणि रक्तातील पातळी अपेक्षेपेक्षा अधिक वेगाने घसरते. चक्कर, डोळे फिरवताना बसणारे झटके, मळमळ, घाम आणि जिवंत स्वप्ने ही यादी तुम्ही अगदी पाठ्यपुस्तकातून घ्यावी तशी लिहिली आहे. मूळचा चिंताविकार उलटतो तेव्हा तो सहसा काही आठवड्यांत हळूहळू डोके वर काढतो आणि त्यात विजेचे झटके नसतात. औषध तोडल्याचा त्रास काही दिवसांत, एकदम, शरीराच्या अशा लक्षणांसह येतो आणि तेच औषध पुन्हा दिल्यास बहुधा एक-दोन-तीन दिवसांत निवळतो.

ज्या डॉक्टरांनी गोळी बंद केली त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता, हेही लिहिले पाहिजे. टॅमॉक्सिफेन स्वतः फारसे काम करत नाही. यकृतातील सीवायपी-२डी६ नावाचे विकर त्याचे एन्डॉक्सिफेनमध्ये रूपांतर करते आणि खरे काम ते करते. पॅरॉक्सेटीन याच विकराला जोरात अडवते. २०१० मध्ये कॅनडातील ओन्टारिओ प्रांतातील स्त्रियांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला आणि टॅमॉक्सिफेनबरोबर जितका अधिक काळ पॅरॉक्सेटीन घेतले गेले, तितके स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. तेव्हापासून ही जोडी टाळावी असे सर्वत्र शिकवले जाते. गंमत अशी की त्याच नियतकालिकात २०१६ मध्ये आलेल्या अमेरिकेतील मोठ्या अभ्यासात पॅरॉक्सेटीन किंवा तेच विकर अडवणारे फ्लुऑक्सेटीन घेणाऱ्या आणि त्याच गटातील इतर औषधे घेणाऱ्या स्त्रियांच्या मृत्युदरात फरक दिसला नाही. प्रश्न पूर्ण सुटलेला नाही, परंतु पर्याय उपलब्ध असताना जोखीम घेऊ नये हेच मत मला पटते.

मात्र ही जोडी टाळणे वेगळे आणि ती आज रात्रीच तोडणे वेगळे. टॅमॉक्सिफेन हे दीर्घकाळ घ्यायचे औषध आहे, त्यामुळे काही आठवडे घेऊन पॅरॉक्सेटीन पायरीपायरीने उतरवणे आणि दुसरे औषध चढवणे हा मार्ग बहुतेक वेळा खुला असतो. तो किती आठवड्यांचा असावा हे कर्करोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी मिळून ठरवायचे आहे. दाजींच्या हातातील पट्टीचा निर्णय त्यांना विचारूनच घ्यावा. चार दिवस पुन्हा घेतले तर टॅमॉक्सिफेन वाया जाईल, ही भीती मनातून काढून टाकायला हरकत नाही. परंतु मधल्या काळात ट्रॅमाडॉल सुरू झालेले आहे, आणि पॅरॉक्सेटीन त्यात पुन्हा मिसळताना सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाचा अतिरेक होत नाही ना, हे पाहणारा डॉक्टर पाठीशी हवा.

आणखी एक बारकावा. ट्रॅमाडॉललाही वेदना शमवण्यासाठी तेच सीवायपी-२डी६ लागते. पॅरॉक्सेटीन चालू असेल तर ट्रॅमाडॉल नीट लागू पडत नाही, आणि पॅरॉक्सेटीन थांबल्यावर विकर मोकळे झाले की त्याच मात्रेत गुंगी, मळमळ वाढू शकते. ताईंना अलीकडे दिवसा गुंगी येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

उमा_मिरज:

कृष्णाकाठ, आपल्या ताईंना लवकर आराम पडो. माझा अनुभव औषध थांबवण्याचा नाही, सुरू करण्याचा आहे, पण गंभीर आजारी माणसाच्या बाबतीत सगळे कसे ‘भीती’च्या खात्यात टाकले जाते हे त्यातूनही दिसेल, म्हणून लिहिते.

वडिलांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आणि रक्तदाब दोन्ही होते. दम लागला की भीती आणि भीती वाटली की दम, या फेऱ्यामुळे त्यांना एस्सिटालोप्रॅम हे चिंता-नैराश्यावरचे औषध सुरू केले. पहिल्या दिवसांत अस्वस्थता उलट वाढली. याची पूर्वकल्पना डॉक्टरांनी दिली होती, गुण यायला तीन-चार आठवडे लागतील आणि आधी काही दिवस बेचैनी वाढू शकते असे स्पष्ट सांगितले होते, म्हणून आम्ही थांबलो. पण नंतर ते सुस्त झाले, जेवण नको म्हणू लागले, नातवाला माझ्या काकांच्या नावाने हाक मारू लागले. घरी आलेल्या प्रत्येकाने ‘आता वय झाले, मन खचले आहे’ असे म्हणून चहा पिऊन निरोप घेतला. रक्त तपासले तेव्हा सोडियम १३५ ते १४५ च्या जागी ११९ निघाले. वयस्कर माणूस, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी थायझाइडची गोळी आणि त्यात एस्सिटालोप्रॅम, असे तिन्ही जुळून आले की शरीर पाणी धरून ठेवते आणि सोडियम घसरते, हे आम्हाला अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून समजले. ही घसरण बहुधा औषध सुरू झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांतच होते, म्हणून त्या काळात एकदा सोडियम तपासून घ्यावे एवढी साधी गोष्ट आहे. तपासणी स्वस्त आहे आणि तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते.

पुढे त्यांना मिर्टाझापीन हे नैराश्यावरचे दुसरे औषध दिले गेले. त्याने झोप आणि भूक चांगली सुधारली, दम मात्र होता तेवढाच राहिला. मिर्टाझापीनने दम कमी होतो का हे पाहणारी एक मोठी युरोपीय चाचणी २०२४ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिथेही उपयोग दिसला नाही, असे आमच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. दमासाठी म्हणून ते कोणी देत असेल तर प्रश्न विचारावा. झोप, भूक आणि चिंता यांसाठी मात्र वडिलांना ते मानवले, आणि त्या काळात मी तेवढ्यावर समाधान मानायला शिकले.

सरळरेषा:

माझा प्रश्न कदाचित कठोर वाटेल, परंतु तो प्रामाणिक आहे. आजार हाडांत पसरलेला आहे. ज्या गोळीने रुग्णाचे मन इतकी वर्षे स्थिर ठेवले, ती या टप्प्यावर काढायचीच कशाला? जेवढे आयुष्य आहे ते स्वस्थपणे जावे, हे उद्दिष्ट असेल तर टॅमॉक्सिफेनचा थोडा परिणाम कमी झाला तरी चालेल, असे का म्हणू नये?

औषधशाळा:

सरळरेषा, प्रश्न रास्त आहे. अखेरच्या आठवड्यांतील रुग्णाच्या बाबतीत मी स्वतःही असेच म्हणेन, तिथे जुने मानवलेले औषध तोडण्याने काहीच साधत नाही. परंतु स्तनाचा कर्करोग केवळ हाडांत पसरलेला असेल आणि तो संप्रेरकांना प्रतिसाद देणारा असेल, तर अनेक स्त्रिया योग्य उपचारांवर वर्षानुवर्षे बऱ्यापैकी जगतात. त्यामुळे टॅमॉक्सिफेनला इथे दुय्यम मानता येत नाही.

तुमच्या प्रश्नात एक उपयोगी बाजू मात्र दडलेली आहे. दोन औषधांचे जमत नसेल तर मानसिक आजाराचेच औषध बदलले पाहिजे असा नियम नाही. पाळी चालू असलेल्या स्त्रीमध्ये बीजकोशांचे काम इंजेक्शनने किंवा शस्त्रक्रियेने थांबवून टॅमॉक्सिफेनऐवजी लेट्रोझोलसारखे औषध देता येते आणि त्याला सीवायपी-२डी६ लागत नाही. प्रगत आजारात तर पुष्कळ ठिकाणी हाच मार्ग आधी विचारात घेतला जातो. त्याचा खर्च, सांधेदुखी, हाडांची झीज हे प्रश्न वेगळे आहेत. पण ‘माझ्या बहिणीला पॅरॉक्सेटीन इतके मानवले आहे, तर संप्रेरकाच्या उपचारात बदल शक्य आहे का?’ हे कर्करोगतज्ज्ञांना विचारण्याचा कुटुंबाला पूर्ण अधिकार आहे. आपल्याकडे मनाचे औषध नेहमीच हलके समजले जाते आणि तडजोड करायची वेळ आली की पहिला हात त्यालाच लागतो.

शुश्रूषा:

मी वेदनाशामक व उपशामक सेवेत परिचारिका आहे. घरोघरी जाऊन रुग्ण पाहणे हे माझे काम असल्याने वरच्या चर्चेत मला एका ओळीने थांबवले. ‘संध्याकाळी ती एका जागी बसूच शकत नाही, पाय सारखे हलवते आणि कातडीतून बाहेर पडायचे आहे म्हणते.’

कृष्णाकाठ, हे मेटोक्लोप्रमाइडमुळे असू शकते. उलटी थांबवणारे हे औषध मेंदूतील डोपामिन या रसायनाला अडवते आणि काहींना त्यामुळे अशी बेचैनी जडते की उभे राहिले तर बसावेसे वाटते आणि बसले तर उठावेसे वाटते. बाहेरून पाहणाऱ्याला ती तंतोतंत घाबरगुंडी वाटते. फरक असा की घाबरलेल्या माणसाजवळ बसून, हात धरून, सावकाश श्वास घ्यायला लावले तर तो थोडा तरी निवांत होतो, आणि या बेचैनीत धीराच्या शब्दांचा काडीचाही उपयोग होत नाही, कारण ओढ पायांत असते. अशा रुग्णाला तुम्ही ‘भीती वाटते का?’ असे विचारू नका, कारण तो हो म्हणेल. ‘पाय हलवले नाहीत तर काय होते?’ असे विचारा. मी एका आजींना हे विचारले तेव्हा त्यांनी उत्तर न देता पलंगावरून पाय खाली सोडले आणि फरशीवर टाचा आपटत राहिल्या; घरच्यांनी त्याला आठवडाभर मरणाची भीती म्हटले होते.

पॅरॉक्सेटीनसारखी औषधेही क्वचित अशी बेचैनी निर्माण करतात, आणि मेटोक्लोप्रमाइडचे विघटन करणारे विकरही तेच असल्यामुळे दोन्ही एकत्र घेतली तर मेटोक्लोप्रमाइडची पातळी वाढते. म्हणजे जुनी गोळी पुन्हा सुरू झाली आणि मळमळीचे औषध तसेच राहिले, तर झटके थांबतील पण पायांची बेचैनी वाढेल आणि सगळे जण पुन्हा गोंधळतील. म्हणून मानसोपचारतज्ज्ञांशी बोलताना मळमळीच्या गोळीचे नाव आवर्जून सांगा आणि ती बदलता येईल का ते विचारा. त्याऐवजी ओन्डान्सेट्रॉन किंवा डॉम्पेरिडोन सुचवले गेले तर हृदयाचा आलेख एकदा काढून घ्यावा, कारण ही औषधे आणि एस्सिटालोप्रॅमसारखी काही नैराश्यावरची औषधे हृदयाच्या ठोक्यातील क्यूटी नावाचे अंतर लांबवतात. एकेकट्याने सहसा बिघडत नाही, तिघे एकत्र आले आणि उलट्यांमुळे पोटॅशियम उतरले की धोका वाढतो. केमोच्या दिवसांत स्टेरॉइड देत असतील तर तेही लिहून ठेवा. त्यातले डेक्सामेथासोन संध्याकाळी घेतले तर रात्र जागून काढावी लागते, आणि तो दोष फुकट चिंताविकाराच्या माथी जातो.

मी माझ्या रुग्णांच्या घरी एक साधी वही ठेवायला लावते. डावीकडे तारीख आणि त्या दिवशी सुरू झालेले, बंद झालेले किंवा मात्रा बदललेले औषध, उजवीकडे त्या दिवशीचा त्रास, वेळेसह. दर वेळी नवा डॉक्टर पाहतो आणि फाईल जाडजूड असते, तेव्हा ही दोन पाने जे सांगतात ते डिस्चार्ज कार्डांच्या गठ्ठ्यातून निघत नाही. ताप, दोन्ही पायांचे स्नायू ताठणे, घोट्यातून पाऊल वर दाबले की ते आपोआप उडत राहणे, जुलाब आणि प्रचंड घाम हे सगळे औषध वाढवल्यापासून काही तासांत दिसू लागले, तर तो सेरोटोनिनचा अतिरेक समजावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. पॅरॉक्सेटीनसारखे औषध तोडल्याच्या त्रासात ताप आणि पाऊल उडणे सहसा नसते.

एक नाजूक गोष्ट. अशा अवस्थेतील रुग्णाच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, आणि बेचैनी जितकी शारीरिक तितके ते विचार अचानक येतात. ‘कातडीतून बाहेर पडायचे आहे’ हे वाक्य मी ऐकले असते तर त्यांच्याजवळ एकटी बसून ‘ताई, जगणे नको असे वाटते का, स्वतःला काही करावेसे वाटते का?’ असे सरळ विचारले असते. विचारल्याने ते विचार डोक्यात शिरत नाहीत. होकार आला तर त्यांना एकटे ठेवू नये, औषधांचा साठा दाजींनी आपल्याजवळ कुलपात ठेवावा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. रात्री-अपरात्री बोलण्यासाठी सरकारचा टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक आहे आणि तिथे मराठीतून बोलता येते.

कृष्णाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. औषधशाळा यांनी लिहिलेले वाक्य दूरध्वनीवर जसेच्या तसे वाचून दाखवले, आणि मानसोपचारतज्ज्ञांनी त्याच संध्याकाळी बोलावून घेतले. त्यांनी जोडगोळी पुन्हा न देता साधे पॅरॉक्सेटीन आणि क्लोनाझेपाम अशा दोन वेगळ्या गोळ्या लिहून दिल्या. सीआर गोळीचे तुकडे करता येत नाहीत आणि जोडगोळीत एकाची मात्रा कमी केली की दुसऱ्याचीही होते, म्हणून हे वेगळे करणे ही पहिली पायरी आहे, असे त्यांनी समजावले. मेटोक्लोप्रमाइड बंद केले. ट्रॅमाडॉलविषयी त्यांनी आमच्यासमोरच कर्करोगतज्ज्ञांशी बोलून ते थांबवले आणि त्या जागी मॉर्फिनच्या गोळ्या कमी मात्रेत सुरू झाल्या. विजेचे झटके दोन रात्रींत थांबले, पायांची बेचैनी ओसरायला थोडा अधिक वेळ लागला. शुश्रूषा यांनी सांगितलेला प्रश्नही मी ताईला एकांतात विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली, मग म्हणाली की त्या दिवसांत तसे वाटले होते, आता वाटत नाही. हेही डॉक्टरांना सांगितले आहे.

आता योजना अशी आहे की पॅरॉक्सेटीन हळूहळू उतरवत व्हेन्लाफॅक्सीन हे चिंता-नैराश्यावरचे दुसरे औषध चढवायचे, आणि ते नीट बसल्यावर मगच क्लोनाझेपामला हात लावायचा. कर्करोगतज्ज्ञ दुसऱ्या उपचाराचाही विचार करत आहेत, पण सध्या टॅमॉक्सिफेन चालू राहील. माझ्या दोन शंका आहेत. व्हेन्लाफॅक्सीनचाही सोडताना त्रास होतो असे वाचले, मग आगीतून फुफाट्यात जातो आहोत का? आणि पुढे कधी ताईला गिळता आले नाही तर काय करावे?

औषधशाळा:

योजना नीट आखलेली आहे. फ्लुऑक्सेटीन शरीरात अनेक दिवस टिकते, म्हणून पॅरॉक्सेटीन सोडवताना काही डॉक्टर त्याचा आधार घेतात. परंतु तेही सीवायपी-२डी६ला तितकेच अडवत असल्याने इथे ते चालले नसते. व्हेन्लाफॅक्सीन हे विकर फारसे अडवत नाही आणि टॅमॉक्सिफेनमुळे अंगातून येणाऱ्या गरम वाफाही त्याने कमी होतात, म्हणून स्तनाच्या कर्करोगात ते पुष्कळदा निवडले जाते. मॉर्फिनमुळे सेरोटोनिनचा प्रश्नही जवळजवळ मिटला. मॉर्फिनसोबत बद्धकोष्ठाचे औषध रोज हवेच, आणि क्लोनाझेपामसोबत ते चालू असल्याने पहिल्या दिवसांत अवाजवी गुंगी किंवा मंद श्वास यांवर लक्ष ठेवा.

तुमची पहिली शंका खरी आहे. व्हेन्लाफॅक्सीन फार लवकर ओसरते आणि एक दिवस चुकला तरी काहींना दुसऱ्या सकाळी चक्कर येते. पण ताईंना ते सोडायचे नाही, चालू ठेवायचे आहे. ठरलेल्या वेळी रोज घेणे, पट्टी संपण्याच्या आठवडाभर आधी नवीन आणणे आणि कोणत्याही रुग्णालयात दाखल होताना ‘हे औषध चुकवायचे नाही’ असे वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिणे, एवढ्याने बराच त्रास टळतो. दाखल झाल्यावर घरची औषधे पहिल्या दिवशी लिहायची राहून जाणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि तिसऱ्या दिवशी वॉर्डात त्यातून झालेल्या त्रासाला वेगळेच नाव मिळते. रक्तदाब मधूनमधून मोजा, मात्रा वाढली की तो चढू शकतो.

पॅरॉक्सेटीन उतरवताना सुरुवातीची घट सोपी आणि शेवटची अवघड जाईल याची तयारी ठेवा. मेंदूवरील परिणाम मात्रेच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. २० वरून १० वर येताना तो थोडाच घटतो आणि शेवटच्या पाचावरून शून्यावर येताना एकदम कोसळतो. जुन्या वाड्याच्या जिन्याची शेवटची पायरी उंच असावी तसे ते आहे. म्हणूनच २०२२ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांतही प्रत्येक वेळी आधीच्या मात्रेच्या प्रमाणात आणि शेवटी अधिक बारीक घट करावी असे म्हटले आहे. व्हेन्लाफॅक्सीन सोबत असल्याने ताईंना हे थोडे सुसह्य जाईल. तरीही एखाद्या पायरीवर झटके परतले तर मागच्या मात्रेवर थांबू द्या, असे डॉक्टरांना सुचवता येईल.

गिळण्याविषयी. दीर्घकाळ सुटणाऱ्या व्हेन्लाफॅक्सीनची कॅप्सूल असेल तर ती उघडून आतील दाणे चमचाभर मऊ, गार पदार्थावर टाकून न चावता गिळता येतात आणि वर पाणी प्यायचे असते. दाणे कुटायचे नाहीत. काही कंपन्या तेच औषध गोळीच्या रूपात देतात, ती गोळी मात्र फोडता किंवा चुरता येत नाही, म्हणून दुकानदाराने कॅप्सूलऐवजी गोळी दिली आहे का ते दर वेळी पाहून घ्या. नाकातून नळी घालावी लागली तर हे दाणे नळीत अडकतात, तेव्हा औषधच बदलावे लागते. तोंडात विरघळणारे मिर्टाझापीन हा एक पर्याय असतो आणि त्यालाही टॅमॉक्सिफेनचे वावडे नाही. हा बदल नळी घालायच्या दिवशी ठरवण्याऐवजी गिळताना ठसका लागू लागला की लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला.